दोन पानांची सवत

काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. षड्रिपूंची ही यादी मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिली. पहिल्या शब्दाला मागच्या बाकांवर खुसखुस व्हायची आणि शेवटच्यापर्यंत येईतो तास संपत आलेला असायचा, त्यामुळे मत्सर नेहमी घाईत शिकवला गेला. मुलांनाही तो आठवायचा नाही. परीक्षेत पाचच शत्रू लिहून यायचे आणि मी अर्धा गुण कापायचे. हा सहावा गडी खुद्द माझ्याकडे आला तेव्हा निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. बरं, एखाद्या माणसावर जळले असते तर समजण्यासारखं होतं. मी जळले एका कागदावर. पाठपोट छापलेली दोन पानं, त्यांवर वीस वाक्यं आणि प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकोन. वयाच्या छपन्नाव्या वर्षी ही सवत माझ्या शाळेत आली.

शाळा मालवणच्या खाली, समुद्राला लागून. मी माहेरची जामसंड्याची, लग्न होऊन इकडे आले आणि मराठीची धुरीबाई झाले. पुढे कधीतरी प्रत्येक शाळेत एक समुपदेशक हवा असं ठरलं. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. दहा दिवसांचं प्रशिक्षण झालं. त्यात दोनच गोष्टी शिकवल्या असं म्हणायला हरकत नाही: मुलाला 'काय झालं' असं विचारायचं आणि मग आपण गप्प बसायचं. पहिली मला जमली. जुने नकाशे, फुटका पृथ्वीगोल आणि वजनकाटा ठेवायची खोली झाडून तिच्यावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लावली आणि किल्ली माझ्या जुडग्यात आली.

फुशारकी मारायची तर मारते, कारण ती खरी आहे. मला मुलांचे चेहरे वाचता येत. सातवीतली एक मुलगी सकाळच्या प्रार्थनेत नको तितकी खूश दिसली, म्हणून मी तिचं दप्तर उघडायला लावलं. आत दोन फ्रॉक आणि कंगवा. दुपारच्या गाडीने कुडाळ स्टेशन गाठून मावशीकडे गोव्याला जायचा बेत होता. घरी काय चाललंय ते तिने अर्ध्या तासात सांगितलं आणि नंतर तिच्या बापाला मी जे सुनावलं ते गावात बरेच दिवस पुरलं. तेव्हापासून पालक म्हणायचे, धुरीबाईंपासून काही लपत नाही. मी 'छे छे' म्हणायचे आणि मनात म्हणायचे, खरं आहे.

मग ग्रेसी आली. ग्रेसी फर्नांडिस, रेडीकडची, आजोळ गोव्यात, शिकलीही तिकडेच. मानसशास्त्रातली पदवी, वर आणखी एक. तीन शाळा मिळून एक समुपदेशक नेमायची योजना आली होती, त्यात आमच्या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवार आले. स्कूटरवरून यायची, हेल्मेट काढलं की केस चारी दिशांना उभे. माझ्याशी शुद्ध मराठी बोलायची, पण मुलांशी सरळ मालवणीत. मी वर्षानुवर्षं वर्गात 'माका नको, मला म्हण' असं करत आलेली बाई. ही पहिल्याच दिवशी व्हरांड्यात एका पोराला म्हणाली, "काय रे, जेवलंस काय नाय?" आणि तो पोरगा, जो माझ्या तासाला 'हजर' सुद्धा खालच्या मानेने म्हणायचा, तिला घरच्या सगळ्या म्हशींची नावं सांगत बसला. पंधरवड्यात मधल्या सुट्टीत माझ्या खोलीबाहेर रांग. माझ्या म्हणजे आता तिच्या. मी बाई होते, ती मिस. माझ्या पोटात दुखू लागलं ते तेव्हापासून, आणि मी ते पित्तावर ढकलत राहिले.

दुसऱ्या महिन्यात तिने ती दोन पानं काढली. म्हणाली, "बाई, दहावीच्या मुलांसाठी करूया. चारचौघांत बोलायची, कोणी बघेल याची भीती कोणाला किती वाटते ते कळेल."

मी म्हटलं, "त्याला कागद कशाला? मी सांगते ना. वर्गात घाबरट पाच आहेत. नावं लिहून घे."

तिने खरंच नावं लिहून घेतली आणि वही मिटली. मला वाटलं, झालं काम.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ही परीक्षा नव्हे. 'वर्गात उभं राहून वाचताना माझा आवाज कापतो', 'लोक बघत असतील तर मला जेवता येत नाही' अशी वाक्यं असतात. मुलाने स्वतःबद्दल खूण करायची: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप, अतिशय. दुसऱ्या कोणी त्याच्याबद्दल काही सांगायचं नाही, आईने नाही की शिक्षकांनी नाही. ही भीती आतली असते, बाहेरून पुष्कळदा दिसत नाही, म्हणून ज्याचं त्यालाच विचारायचं. शेवटी बेरीज करायची. बेरीज जास्त आली म्हणजे आजार आहे असं मुळीच नाही. ही फक्त चाळण आहे; वर जे राहतं ते खडे की जाडे दाणे, हे हातात घेऊन बघावं लागतं. म्हणजे त्या मुलाशी निवांत बोलायचं, घरच्यांना विश्वासात घ्यायचं आणि गरज दिसली तरच डॉक्टरांकडे पाठवायचं. हे सगळं आज मी इतक्या शहाणपणाने लिहिते आहे. तेव्हा मला त्यातलं एकच वाक्य ऐकू आलं होतं: शिक्षकांनी नाही.

पहिल्या वेळी मी हट्टाने वर्गात थांबले. वर्गशिक्षिका मी, मुलं माझी. कागद वाटले आणि सवयीप्रमाणे बाकांच्या ओळींतून फिरू लागले, हात मागे बांधून. "खरं काय ते लिहा हं. मी बघते आहे," असंही म्हटलं. आमच्या मुलांना छापील कागद मिळाला आणि बाई फिरू लागल्या की ती परीक्षा, आणि परीक्षेत उत्तर बरोबर यायला हवं. हुशार मुलांनी बरोबर उत्तर कोणतं असेल ते ताडलं आणि शेजाऱ्यांनी त्यांचं बघून लिहिलं. कागद गोळा करायला मी नेहमीप्रमाणे दीक्षाला पाठवलं. संध्याकाळी ग्रेसीने बेरजा केल्या तर सगळा वर्ग शूरवीर, आणि एका बाकावरच्या तिघांच्या खुणा हुबेहूब एकसारख्या. एकाने तर शेजाऱ्याचं नावसुद्धा उतरवलं होतं.

मला इतका आनंद बोर्डाचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हाही झाला नव्हता. मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं की हे शहरातले खेळ इथे चालायचे नाहीत.

आता दीक्षाबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्याचसाठी लिहिते आहे. दीक्षा तांडेल. आई मासळीबाजारात बसते, तिचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. बाप ट्रॉलरवर. मुलगी उंच, वेणी घट्ट, आणि कामाला वाघ. सकाळी फळ्यावर सुविचार तिच्या हातचा. अक्षर सुरेख, फक्त शब्दावरची रेघ शेवटच्या अक्षराच्या पुढे थोडी जास्त ओढायची खोड होती. मी कितीदा पुसून दाखवली तरी गेली नाही. वह्या तीच गोळा करायची, कार्यक्रमाला माइकच्या वायरी तीच जोडायची, पाहुण्यांचं पाणी तीच आणायची. पालकसभेत मी तिच्या आईला सांगायचे, "हिची काळजी करू नका. धीट आहे. माझा उजवा हात आहे." मला मूल नाही. म्हणून म्हणते असं नाही, पण दीक्षा मला आवडायची, आणि मी ते लपवत नसे. ती 'हो बाई' म्हणायची आणि काम झालेलं असायचं. त्या दोन शब्दांपलीकडे तिचा आवाज मी क्वचितच ऐकला होता हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी फिल्मी जासूस असल्यासारखी चेहरे वाचत फिरत होते आणि ही चेहरा दाखवायची वेळच येऊ देत नव्हती. सतत काही ना काही उचलून कुठेतरी निघालेली.

ग्रेसीने पहिल्या वेळेचे कागद बाजूला ठेवले. एका शुक्रवारी माझ्याजवळ येऊन बसली.

"बाई, राग येणार नाही ना? पुन्हा घेते. त्या वेळी तुम्ही वर्गात नसलात तर चालेल?"

"का? मी मुलांना खाते का?"

"तसं नाही. तुमच्यासमोर त्यांना चांगलं दिसायचं असतं."

ते कौतुक होतं. मला ती थप्पड वाटली. ती पुढे म्हणाली, "आणि एक मदत हवी. 'अनोळखी लोकांशी बोलायला भीती वाटते' या वाक्याला तर झाडून सगळ्यांनी 'अजिबात नाही' लिहिलंय. हे काय आहे, तुम्हाला काही सुचतं?"

मला सुचत होतं. नुसतं सुचत नव्हतं, पक्कं ठाऊक होतं. आमच्या गावात अनोळखी असतो कोण? उन्हाळ्यातले पर्यटक, आणि त्यांना पोरं बिनधास्त किल्ल्याचा रस्ता दाखवतात, कारण ते उद्या नसणार. इथे भीती ओळखीच्यांची. लग्नात, जत्रेत, बाजारात कोणीही हात धरतं आणि विचारतं, "कोणाचा गो तू? खंयच्या वाडीतला?" मग आईबाप, आजापणजा, कोणाचं कोणाशी वाकडं, सगळं त्या मुलीच्या तोंडावर बोललं जातं. ज्याला भीती वाटते त्याला त्याचीच वाटते. एवढं एक वाक्य मी सांगितलं असतं तर तिची प्रश्नावली निम्मी सुधारली असती. मी म्हटलं, "तुझा कागद, तू बघ." आणि वह्या तपासू लागले.

दुसऱ्या वेळी तिने प्रयोगशाळा घेतली. मुलं लांब लांब बसवली. नावं नाहीत, फक्त नंबर. कोणाचा कोणता ते तिच्या एकटीच्या वहीत. मुलांना म्हणाली, "हेका मार्क नाय. चुकीचा उत्तर नाय. कोणाक दाखवायचा नाय, माका सुद्धा." झाकणाला फट पाडलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा दाराशी ठेवला, ज्याने त्याने आपला कागद आपणच टाकायचा. दार लावलं. मी व्हरांड्यात उभी. इतक्या वर्षांत माझ्या वर्गाचं दार माझ्यासाठी बंद होण्याची ती पहिली वेळ. आत इतकी शांतता होती की मला लाटा ऐकू आल्या.

चाळणीत वर राहिलेल्यांशी ती एकेकाशी बोलली. काही जाडे दाणेच निघाले. एका मुलाने सगळीकडे 'अतिशय' केलं होतं. चौकशीअंती कळलं की भीतीवाल्यांना कवायतीतून सूट मिळते असं कोणीतरी त्याला सांगितलं होतं. एका मुलीला माणसांची भीती नव्हती, तिला माणसं आवडतच नव्हती, आणि त्यात तिचं काही चुकत होतं असं मला अजून वाटत नाही. एका मुलाचा बाप बोलावल्यावर तावातावाने आला. "लाजणा म्हणजे काय दुखणा काय? आमच्या घराण्यात सगळेच लाजतत. माझो बापूस स्वतःच्या लग्नात भटजीन दोनदा हाक मारली तेव्हा भायर इलो." ग्रेसी त्याच्याबरोबर हसली, चहा मागवला, आणि तो जाताना म्हणत होता की पोरगो, माझो झील, कधीकधी जेवणा नाय, ता पण बघ. मी खिडकीतून बघत होते. असा चहा मागवायला मला का सुचलं नव्हतं?

माझे पाच घाबरट वर राहिले की नाही हे ती सांगेना. मी सरळ विचारलं, आडून विचारलं. "मुलांना शब्द दिलाय बाई," एवढंच म्हणायची.

आता जे लिहिते ते निवृत्तीच्या सत्कारात कोणी बोललं नाही, कारण ते एका व्यक्तीखेरीज कोणाला माहीत नव्हतं. कक्षाची दुसरी किल्ली माझ्या जुडग्यात होतीच. कपाटाचीही होती. एका बुधवारी, ग्रेसी दुसऱ्या शाळेत असताना, मी ते कपाट उघडलं आणि तिची वही वाचली. माझ्या पाचांपैकी तिघं यादीत होते. दोघं नव्हते. आणि सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठ्या बेरजेपुढे, दीक्षा तांडेलचं नाव होतं. ग्रेसीने खाली लिहिलं होतं, 'कामाच्या आड लपते. नाही म्हणता येत नाही. घाई करू नये.'

मला दीक्षाची काळजी वाटायला हवी होती. मला राग आला. माझी दीक्षा, जी माझ्या डोळ्यांसमोर तीन वर्षं आहे, तिने मला एक अक्षर सांगितलं नाही आणि पत्र्याच्या डब्याला सगळं सांगितलं? मी ठरवलं की कागद चुकला आहे. आणि तो चुकला आहे हे सगळ्यांना दाखवायचं.

दहावीचा पालक मेळावा आठ दिवसांवर होता. मी दीक्षाला बोलावून म्हटलं, "या वेळी आभार तू मानायचेस. पाच वाक्यं. मी लिहून देते."

 तिच्या हातात खडूची पेटी होती, ती तिने या हातातून त्या हातात घेतली.

"जमेल ना?"

"हो बाई," ती म्हणाली.

नाही म्हणता येत नाही, हे मी वाचलेलं होतं. वाचूनही विचारलं. माझ्या नोकरीत मुलांना मारण्याचे दिवस मी पाहिले, स्वतः कधी छडी उचलली नाही याचा अभिमान बाळगला. त्या आठ दिवसांत मी जे केलं ते छडीपेक्षा वाईट होतं.

मेळाव्याला सभागृह भरलं. पुढे मासळीबाजारातल्या बायका, त्यांच्यात दीक्षाची आई, नवी साडी नेसलेली. ग्रेसी मागच्या दाराशी. कार्यक्रमपत्रिकेत दीक्षाचं नाव वाचून तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी न पाहिल्यासारखं केलं. दीक्षा माइकपाशी आली. कागद उघडला. सगळे वाट बघत होते. माइकमधून कागदाची फडफड ऐकू येत होती. कोणीतरी चांगल्या मनाने मदत केली: "बोल गो, आवशीसारख्या बोल. बाजारात बोलता तशा." सभागृह हसलं. तिची आईही हसली, बिचारीला काय कळणार? दीक्षाने कागदाची घडी घातली आणि टेबलावर ठेवली. खाली वाकून माइकची सैल झालेली वायर नीट केली, दुसऱ्या कोणी बोलायचं असेल तर म्हणून. मग सगळ्यांच्या मधल्या वाटेने चालत बाहेर गेली आणि फाटकातून दिसेनाशी झाली. आभार मी मानले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सुविचार नव्हता. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला, दोन गेले. तोंडी परीक्षा महिन्यावर आली होती, त्यानंतर बोर्डाची. दीक्षा शाळेत आली नाही तर तोंडीचे गुण जाणार, आणि वर्ष गेलं की आमच्याकडे मुलगी पुन्हा शाळेत येईलच याची खात्री कोणी द्यायची? बाजारात आईशेजारी टोपली लावून बसायला तिला कोणी अडवलं नसतं, फक्त तिथे ओरडावं लागतं.

मी तिच्या घरी गेले. आई अंगणात बांगडे सुकत घालत होती.

"काय झाला ता सांगणा नाय बाई. शाळेत जावचा नाय म्हणता. तुमच्याकडे कायतरी बोलला आसतला. तुमचा नाव घेतल्याशिवाय त्येचो दिवस जाय नाय."

दीक्षा आतल्या दारात उभी होती. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस गो? इतकी भीती वाटते तर मला सांगायचं ना. मी कोणी परकी आहे का?" खरं सांगायचं तर त्या प्रश्नात काळजी थोडी होती आणि तक्रार जास्त.  ती जमिनीकडे बघत राहिली, आणि मी चहाही न घेता उठले.

मग ग्रेसी गेली. ती काय बोलली हे मी तिला पुढे विचारलं, तर म्हणाली, काहीच नाही. पहिल्या दिवशी आईबरोबर बांगडे उलटले. दुसऱ्या वेळी ती दोन पानं घेऊन गेली आणि दीक्षापुढे ठेवली: "बोलू नको. नुसता बोट ठेव." दीक्षाने एकेका वाक्यावर बोट ठेवलं. मग ग्रेसीने त्यातलं सगळ्यांत कमी भीतीचं वाक्य निवडलं आणि म्हणाली, आधी एवढंच करूया. पहिल्या आठवड्यात घंटा झाल्यावर यायचं आणि मागच्या बाकावर बसायचं. पुढच्या आठवड्यात हजेरीला हात वर करायचा. असं पायरीपायरीने. त्याला कोणी जादू म्हणेल तर नाही. मध्ये दोनदा ती फाटकातून परत गेली. ग्रेसीचे आमच्या शाळेत दोनच वार असताना ती चार-चार वार येत होती, आणि दीक्षा तिच्यामागे स्कूटरवर बसून येत होती. मी व्हरांड्यातून बघायचे. मूल परत येत होतं याचा आनंद होत होता आणि ते त्या स्कूटरवरून येत होतं हे बघवत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी होतं, त्यातलं एक लपवून सांगण्यात अर्थ नाही.

मराठीची तोंडी परीक्षा मी घेणार होते. आदल्या दिवशी ग्रेसी आली. "बाई, एक मागते. ती उतारा वाचेल, प्रश्नांची उत्तरंही देईल. पण तुम्ही तिच्याकडे पाठ करून बसाल?"

चेहरे वाचणाऱ्या बाईला ती तोंड फिरवायला सांगत होती. मी जुडगा काढला, त्यातली कपाटाची किल्ली सोडवली आणि तिच्या हातात दिली. "तुझी वही मी वाचली होती," मी म्हटलं. "मेळाव्याच्या आधी." तिने किल्ली मुठीत घेतली. मला वाटलं मुख्याध्यापकांकडे जाईल, आणि गेली असती तर तिचं चुकलं नसतं. ती म्हणाली, "मग उद्या पाठ करून बसा."

बसले. खुर्ची खिडकीकडे वळवून. मागे कागदाचा आवाज झाला, मग बराच वेळ काहीच नाही. माझ्या जिभेवर 'वाच गो, घाबरू नकोस' आलं होतं, ते मी दातांखाली धरलं. मग दीक्षा वाचू लागली. जाडसर, थोडा घोगरा आवाज, शब्दांवर न अडखळणारा. तीन वर्षं ही मुलगी माझ्या आजूबाजूला वावरली होती आणि तिचा आवाज मी पहिल्यांदा पुरता ऐकत होते, तोही मान न वळवता. गुण पूर्ण दिले. फुकट दिले नाहीत.

दहावी झाली. दीक्षा कुडाळला पुढे शिकायला गेली, मी निवृत्त झाले. बाजारात भेटली तर हसते, 'बाई बरी आसात?' विचारते. मी 'का नाही सांगितलंस' हे परत विचारलं नाही. पण तो प्रश्न मी सोडलाही नव्हता.

या वर्षी ग्रेसी घरी आली. आता ती माझ्याशीही मालवणीत बोलते. परकी प्रश्नावली पुरे, आपल्या मुलांच्या तोंडची वाक्यं असलेली करूया, असं तिने मनावर घेतलं आहे. 'कोणाचा गो तू'ची गोष्ट मी तिला निवृत्तीच्या दिवशीच सांगून टाकली होती. ते वाक्य आता यादीत पहिलं आहे, आणि ते माझं आहे. बाकीच्या वाक्यांसाठी तिने जुन्या विद्यार्थ्यांना बोलावून त्याच पत्र्याच्या डब्यात नाव न घालता चिठ्ठ्या टाकायला सांगितलं. त्या चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या, भाषा सोपी करायला. एका वाक्यात एकच गोष्ट हवी, आणि ते कोणत्याही मुलाला लागू पडेल असं हवं, हे नियम तिने मला दिले.

पडवीत लाल पेन घेऊन बसले. 'हजेरीत माझा नंबर जवळ आला की घसा सुकतो.' हे छान. 'पाहुणे आले की मी न्हाणीघरात जाऊन बसतो.' हेही ठीक. आठवी की नववी चिठ्ठी उघडली आणि आधी अक्षर ओळखलं. प्रत्येक शब्दावरची रेघ शेवटच्या अक्षराच्या पुढे जास्त ओढलेली.

'आवडत्या बाईंना मी धीट वाटते, म्हणून मला भीती वाटते हे त्यांना सांगता येत नाही.'

ते मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. ज्या शब्दासाठी मी एका कागदाचा, एका पोरीचा आणि एका स्कूटरचा दोन वर्षं दुस्वास केला, तो शब्द चिठ्ठीत अगदी पहिला होता. आणि त्याच्याचमुळे बाकीचं सगळं झालं होतं.

नियमाप्रमाणे तो शब्द तिथे चालत नाही. प्रत्येक मुलाला बाई आवडतीलच असं नाही. मी लाल पेनाने 'आवडत्या' खोडला आणि उरलेलं वाक्य साफ करून नव्या यादीत उतरवलं.

शुक्रवारी ग्रेसी यादी न्यायला आली. चिठ्ठ्या डब्यात भरताना तिने त्या मोजल्या.

"बाई, एक कमी आसा काय?"

"वाऱ्यान उडाली आसतली," मी म्हटलं.

ती चिठ्ठी माझ्या चष्म्याच्या घरात आहे. ग्रेसीला ती मिळायची नाही.